‘मायसेल्फ’च्या पुढचं वाक्य

पत्र:

‘मी परभणी जिल्ह्यातल्या एका आयटीआयमध्ये तासिका तत्त्वावर एम्प्लॉयेबिलिटी स्किल्स शिकवते. फिटर आणि इलेक्ट्रिशियनची मुलं आहेत, एका युनिटमध्ये वीस. बहुतेक जण आसपासच्या खेड्यांतून एसटीने येतात, काही जण रूम करून राहतात. इंग्रजी संभाषणात रोजच्या दिनक्रमाचा धडा आहे. मी फळ्यावर दहा वाक्यं लिहून दिली. मुलांनी ती पाठ केली, पुढे येऊन घडाघडा म्हटलीही. पण मध्येच मी “व्हॉट टाइम डू यू गेट अप?” असं विचारलं की सगळे गप्प. कुणी चुकलं की मागच्या बाकांवरून हसू. मुली चारच आहेत, त्या तोंडच उघडत नाहीत. आधी काळ पक्के करून घेऊ का? वर्गात मराठी बोलू द्यावं का? कोर्स संपल्यावर मुलं शिकाऊ उमेदवारीसाठी वाळूजच्या कंपन्यांत मुलाखतीला जातात आणि “मायसेल्फ” म्हणून तिथेच थांबतात. आठवड्याला दोनच तास हातात आहेत. काय करू?’

– एक निदेशक, परभणी जिल्हा

प्रिय ताई,

मुलांनी वाक्यं घडाघडा म्हटली आणि प्रश्न आल्याबरोबर गप्प झाली, ही तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ. पाठ केलेली दहा वाक्यं म्हणजे भाषण झालं. संभाषणाला दुसरं माणूस लागतं, आणि ते काय बोलेल हे आधी ठाऊक नसतं. समोरच्याचा प्रश्न ऐकायचा, कळला नाही तर त्याला थांबवायचं, उत्तर देऊन उलट काहीतरी विचारायचं, याचा सराव तुमच्या मुलांना आजवर फारसा कुणी दिलेलाच नाही. म्हणून माझा सल्ला आधीच सांगून टाकते: उत्तरांच्या आधी प्रश्न शिकवा, आणि ते प्रश्न मुलांच्या खऱ्याखुऱ्या दिवसाबद्दलचे असू द्या. काळ, उच्चार, मुलाखत हे सगळं त्याच्या मागून येईल.

‘यांना इंग्रजी येतच नाही’ हे स्टाफरूममधलं नेहमीचं वाक्य तुमच्याही कानांवर पडत असेल. ते मनावर घेऊ नका. महाराष्ट्रात जून 2000 पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे दहावी होऊन तुमच्यासमोर बसलेल्या मुलाने दहा वर्षं इंग्रजीचं पुस्तक हाताळलेलं आहे. शब्द त्याच्याकडे आहेत. एकदा वर्कशॉपमध्ये जा आणि तासभर नुसतं ऐका. ‘सर, जॉब वाइसमध्ये टाइट बसंना.’ ‘फाइलिंग केलं, पण साइझ अंडर गेली.’ ‘ड्रिलचा बिट ब्लंट झालाय.’ ‘फेज येतोय, न्यूट्रल ओपन आहे.’ या वाक्यांत मराठी किती उरलंय ते बघा. वस्तूंची नावं इंग्रजी, त्यांची अवस्था सांगणारे शब्द इंग्रजी, फक्त जोडकाम मराठी. तेवढं जोडकाम बदललं की ‘द बिट इज ब्लंट’, ‘द बेल्ट इज लूज’, ‘द न्यूट्रल इज ओपन’. पहिल्या आठवड्यात अशी वीस-पंचवीस वाक्यं मुलांकडूनच काढून घ्या. ‘इज’ सोडून नवं काही शिकवावं लागत नाही, आणि आपण आत्ता बोललो ते इंग्रजी होतं, हे कित्येकांना तेव्हा पहिल्यांदाच कळतं. ट्रेडच्या सरांनाही यात ओढा. प्रॅक्टिकलच्या वेळी त्यांनी मुलाला नुसतं ‘इंग्लिशमध्ये सांग’ एवढं म्हटलं, तरी तुमचे दोन तास वाढल्यासारखे होतात.

त्यानंतरचा अख्खा तास अडलेल्या माणसाच्या वाक्यांना द्या. ‘सॉरी, आय डिडन्ट अंडरस्टँड.’ ‘प्लीज से इट अगेन.’ ‘स्लोली, प्लीज.’ ‘व्हॉट इज धिस कॉल्ड?’ ही चार वाक्यं मोठ्या अक्षरांत लिहून वर्गाच्या भिंतीवर लावा. मुलाखतीत थिजलेल्या मुलाला बऱ्याचदा उत्तर ठाऊक असतं. प्रश्न अर्धाच कळलेला असतो, आणि पुन्हा विचारलं तर आपण अडाणी ठरू अशी भीती वाटते. माप नीट ऐकू आलं नाही तर वर्कशॉपमध्ये तो सरांना पुन्हा विचारतोच, कारण न विचारता कापलं तर जॉब, म्हणजे हातातला घडवायचा तुकडा, वाया जातो. हीच गोष्ट बोलण्यालाही लागू आहे, हे त्याला स्पष्ट सांगा. नुसतं सांगून भागत नाही म्हणून एक खेळ करा. तुम्ही मुद्दाम तोंडातल्या तोंडात, भराभर प्रश्न विचारायचे आणि मुलांनी तुम्हाला अडवायचं. जो अडवेल त्याला शाबासकी. शिक्षकाला अडवायची परवानगी आहे म्हटल्यावर मागचे बाक सगळ्यात आधी जागे होतात.

इथे एक आधार देऊन ठेवते, कारण ‘एवढंसंच शिकवता का?’ असं कुणीतरी तुम्हाला विचारेल. युरोप परिषदेने 2001 मध्ये परक्या भाषेच्या सहा पायऱ्या ठरवून दिल्या, त्या आता जगभर वापरतात. त्यातली पहिली पायरी ए-1. या पायरीवरच्या माणसाला स्वतःची ओळख करून देता यावी, कुठे राहतो, कुणाला ओळखतो, जवळ काय आहे असे प्रश्न विचारता यावेत आणि त्यांची उत्तरं देता यावीत. तेही कधी, तर समोरचा सावकाश, स्पष्ट बोलत असेल आणि मदत करायला तयार असेल तेव्हा. समोरच्याने मदत करावी हे तिथे गृहीतच धरलेलं आहे. तुमच्या वीस मुलांसाठी वर्षभरात एवढं गाठलं तर ते मोठं काम आहे, त्यात कमीपणा मानू नका.

आता काळांचं. आधी काळ पक्के करायच्या मागे लागू नका. ते शाळेत पाचवीपासून पक्के करणं चालू होतं आणि त्यातून काय साधलं ते तुम्ही वर्गात पाहताच आहात. व्याकरण अजिबात नको असं मी म्हणत नाही. पण आपल्या मुलांचं इंग्रजी दोन-तीन ठरावीक जागी अडतं, तेवढ्या जागा मोकळ्या करा.

पहिली जागा प्रश्नाची. मराठीत वाक्य तसंच राहतं, शेवटी ‘का’ आला की झाला प्रश्न: ‘तू बसने येतोस’, ‘तू बसने येतोस का?’ त्याच सवयीने मुलं इंग्रजीत ‘यू कम बाय बस?’ असं आवाज चढवून विचारतात. पहिले काही आठवडे ते चालू द्या, समोरच्याला कळतं. मग एके दिवशी दोन्ही भाषांतली वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहा आणि मराठी वाक्याच्या शेवटच्या ‘का’पासून इंग्रजी वाक्याच्या सुरुवातीच्या ‘डू’पर्यंत एक लांब बाण ओढा. सहायक क्रियापद वगैरे शब्द काढूच नका. बाण पुरतो.

दुसरी जागा ‘आय ॲम गो’, ‘आय ॲम वेक अप’ची. पहिलीपासून ‘आय ॲम’ इतकं गिरवलेलं असतं की मुलांना तो एकच शब्द वाटतो. हे नियम सांगून जात नाही, तोंडाच्या सवयीने जातं. ‘आय गेट अप, आय फिल वॉटर, आय मिल्क द काउ, आय कॅच द बस’ अशी चार-चार वाक्यं टेबलावर ठेका धरून सगळ्यांकडून एकसुरात म्हणून घ्या, रोज तासाच्या सुरुवातीला दोन मिनिटं. ‘माय फादर वर्क इन फार्म’ याला मात्र हात लावू नका. ‘वर्क्स’मधला तो शेवटचा ‘स’ परकी भाषा शिकणाऱ्यांच्या तोंडी फार उशिरा बसतो, हे अभ्यासकांना वारंवार दिसलेलं आहे. तो सुटल्याने कुणाचा गैरसमजही होत नाही. त्यावर तास घालवणं म्हणजे मुलाची उमेद घालवणं.

तिसरी जागा व्याकरणाची नाही, पण मला ती फार महत्त्वाची वाटते. आपल्या मुलाला मोठ्या माणसाला ‘यू’ म्हणायला जड जातं. घरात, गावात तो आजोबांना, सरांना, पाहुण्यांना अहो-जाहो करतो. शाळेत ‘यू’ म्हणजे ‘तू’ हे आधी शिकलेलं असतं. मग तो ‘सर इज कमिंग टुमॉरो?’ असं सरांनाच विचारतो, किंवा विचारतच नाही. त्याला सांगा, ‘यू’मध्ये ‘तू’ही आहे आणि ‘तुम्ही’ही आहे, आणि मान दाखवायला वाक्याच्या तोंडाशी ‘सर’ किंवा ‘मॅडम’ पुरे. ‘सर, आर यू फ्री नाउ?’ यात काहीही उद्धटपणा नाही. हे ऐकल्यावर किती मुलांची जीभ मोकळी होते ते पाहा.

आता मुख्य गोष्टीकडे येते. पुस्तकातला मुलगा सहाला उठतो, दात घासतो, नाश्ता करतो, शाळेत जातो आणि संध्याकाळी बागेत खेळतो. तुमच्या वर्गात असा एकही मुलगा नसेल. कापूस वेचणीच्या दिवसांत तुमचा एखादा विद्यार्थी सकाळी शेतात जाऊन मग बस पकडतो. शेतीची थ्री-फेज लाइन रात्रीची असली तर तो रात्री मोटार सुरू करून गव्हाला, हरभऱ्याला पाणी देतो आणि सकाळी तुमच्या तासाला त्याचे डोळे मिटतात. कुणी संध्याकाळी मोबाइलच्या दुकानात बसतो. कुणी लग्नसराईत मंडपवाल्याबरोबर जातो. हे त्यांचं खरं दैनंदिन जीवन. ‘आय वॉटर द फील्ड ॲट नाइट’ हे वाक्य कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळणार नाही, पण त्या मुलाला ते एकदा सांगितलं की कायमचं लक्षात राहील, कारण ते त्याचं आहे. भाकरी, पिठलं, ठेचा, वेचणी, पारावरच्या गप्पा यांना इंग्रजी शब्द शोधत बसू नका. ‘आय ईट भाकरी अँड ठेचा’ हे उत्तम इंग्रजी आहे.

आणि प्रश्न असा विचारा, ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच ठाऊक नाही. हजेरी घेऊन झाल्यावर ‘व्हॉट इज युअर नेम?’ विचारलं की तो खोटा प्रश्न आहे हे मुलांना कळतं, आणि खोट्या प्रश्नाला पाठ केलेलं उत्तर येतं. रूम करून राहणाऱ्या एखाद्याला विचारून बघा, ‘हू कुक्स इन युअर रूम?’ तास साधारण असा पुढे जाईल:

‘मी अँड गणेश.’

‘टुडे?’

‘टुडे गणेश टर्न.’

‘ओह, इट्स गणेशेज टर्न. व्हॉट इज ही मेकिंग?’

‘खिचडी.’

‘इज ही अ गुड कुक?’

इथे वर्ग हसेल, आणि गणेश कुणी न विचारता मध्येच ओरडेल, ‘व्हेरी गुड कुक, मॅडम!’ ते वाक्य त्याने पाठ केलेलं नाही. त्याला काहीतरी म्हणायचं होतं आणि त्याने ते इंग्रजीत म्हटलं. तुम्हाला वर्षभर याच क्षणाच्या मागे जायचं आहे. आणि तुम्ही काय केलंत पाहा. ‘गणेश टर्न’ चुकलं म्हणून थांबवलं नाहीत. तेच वाक्य नीट करून, जणू त्याच्याशी सहमत होत, परत म्हटलंत आणि पुढचा प्रश्न टाकलात. सुरुवातीच्या मुलांची चूक अशीच दुरुस्त करायची. बोलणारा अडखळत नाही आणि ऐकणाऱ्या एकोणीस जणांच्या कानांवर बरोबर रूप पडतं.

मग हाच प्रश्न जोड्यांना द्या. शेजारच्याला विचारायचं, दोनच मिनिटं. नंतर प्रत्येकाने स्वतःबद्दल नाही, तर शेजाऱ्याबद्दल एक गोष्ट वर्गाला सांगायची. त्यामुळे ऐकावंच लागतं. पुढे येऊन उभं राहणं पहिले दोन-तीन महिने पूर्ण बंद करा. हसण्याचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो, कारण सगळे एकाच वेळी बोलत असले की हसायला प्रेक्षक उरत नाहीत. उरलेल्या हसण्याला नियम लावा: चुकीवर हसणाऱ्याने तेच वाक्य बरोबर करून म्हणायचं. दोन-चार वेळा अडकले की थांबतात.

मुलींचा प्रश्न वेगळा आहे. चार मुली आणि सोळा मुलं असलेल्या वर्गात, तालुक्याच्या गावात, मुलगा-मुलगी जोडी लावली की बाहेर चिडवाचिडवी सुरू होते आणि ती मुलगी पुढच्या तासाला येतच नाही. त्यांची जोडी त्यांनाच निवडू द्या. शिवाय त्यांना आणि एकूणच लाजणाऱ्या मुलांना घरून अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज फक्त तुमच्याकडे पाठवायला सांगा. ‘टुडे आय...’ने सुरू होणारी दोन वाक्यं पुरेत. तुम्हीही आवाजातच उत्तर द्या आणि शेवटी एक प्रश्न विचारा. घरात मोबाइल एकच, तोही भावाच्या किंवा वडिलांच्या हातात असेल, तर आग्रह धरू नका, तासानंतर दोन मिनिटं बाकाजवळ बसून बोला. ते मेसेज ग्रुपवर टाकून ‘बघा किती छान’ असं कधीही करू नका, कौतुकानेसुद्धा.

मराठी बोलू द्यावं का, तर हो, मोकळेपणाने. सूचना मराठीत द्या, अर्थ मराठीत सांगा, मुलाला काय म्हणायचंय ते आधी मराठीत म्हणू द्या आणि मग इंग्रजीकडे न्या. मराठी बोलल्यावर दंड, उभं करणं, हे प्रकार मला मनापासून नापसंत आहेत. मुलाला स्वतःच्या बोलीची लाज वाटायला लागली की तो कुठल्याच भाषेत मोकळा बोलत नाही, आणि परभणीकडच्या मुलांना पुण्या-मुंबईची मराठी ऐकून ती लाज आधीच थोडीफार लागलेली असते. फक्त जोडीतली दोन मिनिटं ठरवून इंग्रजीची ठेवा. घड्याळ लावा. दोन मिनिटं कुणालाही झेपतात.

एक काम आणखी सुचवते. 1979 ते 1984 या काळात इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातल्या काही शाळांत व्याकरणाचा क्रम बाजूला ठेवून इंग्रजी शिकवण्याचा प्रयोग केला. मुलांना वेळापत्रकं, नकाशे द्यायचे आणि त्यातलं कोडं इंग्रजीतून सोडवायला लावायचं. लक्ष कोड्यावर, भाषा त्या ओघात. तुमच्यासाठी सामान तयारच आहे: एसटी स्टँडवरच्या वेळापत्रकाचा फोटो काढा. एकाच्या कागदावर जिंतूर आणि गंगाखेडच्या वेळा लिहा, दुसऱ्याच्या कागदावर सेलू आणि पाथरीच्या. ‘व्हेन इज द बस टू सेलू?’ ‘फोर टेन.’ ‘आफ्टर दॅट?’ ‘फाइव्ह थर्टी.’ मग प्रश्न द्या: आयटीआय पाचला सुटलं तर आधी घरी कोण पोचेल? मुलं तावातावाने बोलतील. त्या भरात मराठी निसटेल, निसटू द्या.

आकडे मात्र कसून घ्या, इथे मी सवलत देणार नाही. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ यांतला फरक मुलांच्या कानाला लागत नाही, आणि 12-13 चा पाना असतो तसा 30-32 चाही असतो. ‘थर्टीन’मध्ये जोर शेवटी, ‘थर्टी’मध्ये सुरुवातीला. पाने टेबलावर मांडा, एकाने मागायचा, दुसऱ्याने उचलून द्यायचा. चुकीचा पाना हातात आला की चूक आपोआप कळते. व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, ‘पॉइंट झीरो टू’ हे मुलं पाठ म्हणतात, पण प्रत्यक्ष वाचलेलं माप इंग्रजीत सांगताना अडखळतात. तेही त्यातच घ्या.

मुलाखतीबद्दल. ‘मायसेल्फ’ऐवजी ‘आय ॲम’ म्हणायला शिकवा, पण त्यावर पाच मिनिटांहून जास्त वेळ देऊ नका. ओळख कुठे थांबते ते महत्त्वाचं, कारण मुलाखत घेणारा बहुतेकदा शेवटच्या वाक्याला धरून पुढचा प्रश्न विचारतो. ‘माय हॉबी इज रीडिंग’वर थांबलं तर पुस्तकाचं नाव विचारलं जातं आणि मुलगा तिथेच अडकतो. ‘आय लाइक लेथ वर्क’ किंवा ‘ॲट होम आय रिपेअर द मोटर पंप’ यावर थांबलं तर पुढचा प्रश्न त्याच्या हातातल्या कामाबद्दल येतो. मोडक्या इंग्रजीतही तो त्याबद्दल पाच मिनिटं बोलू शकतो. प्रत्येक मुलाचं असं शेवटचं वाक्य वेगळं असलं पाहिजे, आणि खरं असलं पाहिजे.

मुलांना खरी परिस्थितीही सांगा. वाळूज-चाकणला शॉपफ्लोअरवर दिवसभर मराठी आणि हिंदीच चालते. इंग्रजी लागते ती मुलाखतीला, ट्रेनिंगला, मशीनच्या स्क्रीनवरचा मेसेज वाचायला, चेन्नईहून आलेल्या इंजिनिअरशी बोलायला. आखाती देशांत गेलेल्या इलेक्ट्रिशियनशेजारी फिलिपिनो किंवा नेपाळी कामगार उभा असतो आणि दोघेही मोडक्या इंग्रजीतच काम निभावतात. फाडफाड इंग्रजीची त्यांना गरज नाही, हे ऐकून मुलांच्या खांद्यावरचं बरंच ओझं उतरतं.

परीक्षेची काळजी तुम्ही पत्रात लिहिली नाहीत, पण असणार. एम्प्लॉयेबिलिटी स्किल्सची परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची, त्यात बोलण्याला गुण नाहीत. आठवड्यातल्या दुसऱ्या तासाची शेवटची पंधरा मिनिटं पुस्तकाला आणि सरावप्रश्नांना द्या, प्राचार्यांना तसं आधीच सांगून ठेवा. बाकीचा वेळ बोलण्याचा. आणि मागच्या बॅचचा जो मुलगा सध्या वाळूजला शिकाऊ उमेदवार आहे, त्याला साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी आयटीआय सुरू असेल तर तासभर बोलवा. त्याला मुलाखतीत विचारलेले प्रश्न त्यानेच तुमच्या मुलांना विचारू देत, आणि तुम्ही मागच्या बाकावर बसून प्रश्न लिहून घ्या. पुढच्या महिन्याच्या जोड्यांना तेच प्रश्न द्यायचे.